गजराच्या घड्याळाचं पितळ आणि अल्ट्रासॉनिक टाकी : तिसरी खेप

या खेपेला एकही चाक गुलाबी झालं नाही. जुन्या गजराच्या घड्याळांचे भाग मी अल्ट्रासॉनिक टाकीत, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या मशीनमध्ये, धुतो. आधीच्या दोन्ही घड्याळांचं पितळ टाकीतून पिवळं निघायच्या ऐवजी तांब्यासारखं लालसर निघालं होतं आणि ते पाहून खूप वाईट वाटलं होतं. वरचा थर घासून जातो, पण घासताना दात्यांच्या कडा झिजतात, म्हणून ती चाकं मी तशीच ठेवली.

चूक माझ्या द्रावणात होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ॲसिडात जस्त आधी सुटतं, तांबं पृष्ठभागावर मागे उरतं. मी सायट्रिक ॲसिड अंदाजाने टाकत होतो आणि मशीन २० मिनिटं लावून दुसऱ्या कामाला जात होतो. आता १ लिटर डिस्टिल्ड वॉटरला १० ग्रॅम, म्हणजे १ टक्का, आणि वेळ फक्त ३ मिनिटं. तेवढा वेळ मी टाकीसमोरून हलत नाही. चकाकी आली नाही तरी चालेल, भोकं स्वच्छ व्हायला हवीत. जुन्या पितळेवरचा तपकिरी रंग घड्याळ बंद पाडत नाही, पिव्हटच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या बारीक टोकाच्या, भोकात वाळून चिकट झालेलं तेल पाडतं.

ॲसिडच्या आधी साबण, हाही क्रम याच वेळी पक्का केला. ५० अंशांचं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, ८ मिनिटं. तेल आधी निघालं नाही तर ॲसिड तेलकट जागा सोडून बाकीच्या जागी लागतं आणि पितळेवर डाग पडतात. पोलादी पिनियन (चाकाच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) असलेली चाकं ॲसिडात टाकलीच नाहीत, त्यांना फक्त साबण. पितळेतून सुटलेलं तांबं त्याच द्रावणातल्या लोखंडावर जाऊन बसतं, हे पहिल्या खेपेला एका तांबूस झालेल्या स्क्रूवर पाहिलं होतं.

माझी टाकी २ लिटरची, ४० किलोहर्ट्झची. तळाशी चिकटवलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणारा भाग, पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार करतो, ते लगेच आत कोसळतात आणि प्रत्येक कोसळण्याचा एक बारीक धक्का पृष्ठभागावर बसतो. साफसफाई होते ती या धक्क्यांनी. पण ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती हे धक्के मऊ करते. म्हणून आता टाकी आधी १० मिनिटं भाग न टाकता, नुसत्या पाण्यावर चालवतो. हवा निघून गेली की आवाजही बदलतो, सुरुवातीची खरखर जाऊन एकसारखी सूं ऐकू येते.

फॉइलची चाचणी केली नसेल तर जरूर करा. अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी पाण्यात उभी धरायची, तळाला टेकू द्यायची नाही, अर्धा मिनिट थांबायचं. माझ्या पट्टीला डावीकडे चाळणीसारखी भोकं पडली आणि उजवीकडे जवळजवळ काहीच नाही. पाण्याची पातळी बोटभर वाढवल्यावर खूप फरक पडला. तरी एखादा कोपरा कच्चा राहतोच, म्हणून जाळी मधूनमधून हलवतो. प्लॅस्टिकची टोपली मात्र बाद केली, ती आवाज शोषून घेते. तारेची विरळ जाळी वापरतो. भाग थेट तळाला टेकले तर टाकीचा तळ हळूहळू खराब होतो.

या खेपेचा सगळ्यात सुंदर क्षण साबणाच्या पाण्यातला. मागची प्लेट, म्हणजे चाकांचे पिव्हट ज्या भोकांत फिरतात तो पत्रा, जाळीत उभी टेकवली होती. मशीन सुरू झालं आणि तिसऱ्या चाकाच्या भोकातून धुरासारखी एक तपकिरी रेघ निघाली, वर गेली आणि पाण्यात विरली. मग दुसऱ्या भोकातून. ब्रश तिथे पोचलाच नसता. पण म्हणून मशीनवर सगळं सोडून चालत नाही. सुकल्यावर टोकदार केलेली लाकडी टूथपिक त्याच भोकात फिरवली, ती काळीच निघाली. दुसरीही काळी. तिसरी पांढरी निघाली तेव्हा थांबलो.

अमोनियाचं द्रावण मी वापरत नाही. पितळ त्यात छान उजळतं हे खरं. पण ताण साठलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. ब्रिटिश काळात इथे पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं अशीच तडकायची. त्यांचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, दाबून ओढून बनवलेलं, आणि अमोनिया घोड्यांच्या मुतातला. हे कारण १९२१मध्ये सिद्ध झालं. घड्याळातल्या पितळी तारेच्या स्प्रिंगाही वळवून ताणलेल्याच असतात. दोन मिनिटांच्या चमकेसाठी मला तो धोका पत्करायचा नाही.

काटे आणि डायल टाकीच्या जवळही आणले नाहीत. जुन्या गजराच्या घड्याळांत अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. तो रंग पाण्यात सुटला तर टाकी, जाळी, हात सगळंच दूषित. पेट्रोल किंवा स्पिरिटही टाकीत ओतू नका, वाफ पेटते.

धुऊन झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोनदा खळबळून लगेच ड्रायरने सुकवलं. पिनियनवर गंज आला नाही. जोडणी करून नेमक्या जागी थेंबभर तेल दिलं. आधी पूर्ण चावीवर घड्याळ १९ तासांत थांबायचं, आता ३३ तास चाललं.

एक गोष्ट मात्र मळ गेल्यामुळेच दिसली. मागच्या प्लेटमधलं तिसऱ्या चाकाचं भोक लांबट झालंय. भिंगातून पाहिलं तर पिव्हट एका बाजूला झुकलेलं स्पष्ट दिसतं. इतकी वर्षं ती फट मळानेच भरून ठेवली होती. तिथे बुश, म्हणजे झिजलेल्या भोकात बसवायची छोटी नळी, बसवायला लागेल. भोक नेमकं मोठं करायचं हत्यार, रीमर, मागवलाय, तो आला की पुढची नोंद.