काळ्या दगडाला पलस्तर कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"इतला काया दगड, त्याले पलस्तर कसाले?" चाळीसगावात कन्नडकडे जाणाऱ्या औट्रम घाटातल्या होऊ घातलेल्या बोगद्याचा विषय निघाला, की हा प्रश्न माझ्याकडे येतोच; मी बोगद्यांची कामं करणारा ना. सोबत दोन दाखले ठरलेले: विहीर मुरूम संपेपर्यंतच बांधतात, आणि अजिंठ्याची लेणी काँक्रीटशिवाय उभी आहेत.

दोन्ही खरं. पण लेणी छिन्नीनं कोरलीत. आम्ही सुरुंग लावतो, त्यानं भोवतीचा खडक खिळखिळा होतो.

आणि लायनिंग, म्हणजे तुमचं ते पलस्तर, बोगद्याच्या आतलं काँक्रीटचं अस्तर, डोंगर पेलतं हे कुणी सांगितलं तुम्हाला? शंभर मीटर कातळाचं ओझं दर चौरस मीटरला सुमारे २८० टन. फूट-दीड फूट काँक्रीट ते काय उचलणार! ओझं खडकच पेलतो. बोगदा खोदला की वरचा दाब वळून बाजूंना जातो. सगळीकडून सारखा दाब असेल तर गोल बोगद्याच्या कडेला तो दुप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्येच मांडलं. त्याच कडेला आतून आधार मात्र शून्य. लायनिंग तिथं थोडासा उलट दाब देतं, तेवढ्यानं खडकाची ताकद वाढते, फुटलेले तुकडे एकमेकांत अडकून राहतात.

सह्याद्रीतल्या एका बोगद्यात ब्लास्टनंतर माथ्याला गेरूचा पट्टा उघडा पडला. लाव्हाच्या दोन थरांमधली ही लाल माती भिजली-सुकली की ढासळते. मी म्हटलं, आत्ताच शॉटक्रीट (दाबानं फवारायचं काँक्रीट) मारा. वरिष्ठ म्हणाले, वर घट्ट काळा पाषाण आहे, सकाळी बघू. पहाटे पाणी झिरपायला लागलं. आधी गेरू गळला, मग त्यावर टेकलेला पाषाण सांध्यातून सुटला. खाली आमच्या धुळ्याकडचा एक हेल्पर पोरगा पाइप गुंडाळत होता. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तो एकच विचारत होता, "दादा, मना पाय से ना?" मला उत्तर देता आलं नाही. पाय गेला त्याचा. म्हणून 'कसाले' ऐकलं की माझा आवाज चढतो.

तरुणपणी मी म्हणायचो, जाड लायनिंग, तेही लगेच. आज तसं म्हणवत नाही. कच्च्या खडकात ताठ लायनिंग फार लवकर घातलं तर ते स्वतःवरच ओझं ओढून घेतं; उशीर झाला तर खडक सुटतो. त्या रात्री रॉक बोल्टशिवाय, म्हणजे खडकात भोक पाडून बसवलेल्या पोलादी सळयांशिवाय, नुसत्या शॉटक्रीटनं तो पाषाण धरला असता का? मी अजून स्वतःशी भांडतोय.

विहिरींचा दाखला देताच आहात, तर पाण्याचंही ऐका. लायनिंगमागचं पाणी वाहू दिलं तर वरच्या गावांतल्या विहिरी उतरू शकतात. कोंडलं, तर शंभर मीटर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला १०० टन. आपल्या घाटात यातलं काय करणार, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा.