चॅम्पियन पैलवान चांगला वस्ताद होतोच का?

पोराला कुठल्या तालमीत घालायचं हे ठरवताना बरेच पालक विचारतात, 'जो स्वतः मोठा चॅम्पियन होता, त्याच्याकडेच पाठवलेलं बरं ना?' तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जॉन स्मिथविषयी सांगतो. इतका मोठा पैलवान आणि पुढे इतका मोठा वस्ताद, असा दुसरा माणूस सहज सापडत नाही.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा हा पैलवान. फ्रीस्टाइलच्या ६२ किलो गटात १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जगज्जेतेपद नाहीतर ऑलिंपिक सुवर्ण त्याच्याकडेच होतं. सोल ऑलिंपिक त्याचं, बार्सिलोनाही त्याचंच. १९९१ मध्ये तो आपल्याच ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघाचा वस्ताद झाला. म्हणजे बार्सिलोनाला उतरला तेव्हा तो पैलवानही होता आणि वस्तादही. २०२४ मध्ये त्याने ते काम सोडलं.

त्याचा हुकमी डाव म्हणजे घोट्यावरचा एकेरी पट. पट म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडणं, एकेरी म्हणजे एकच पाय धरून. आपल्याकडे पट काढताना पैलवान मांडी नाहीतर गुडघा धरायला जातो. समोरचा कंबर मागे फेकून त्याच्या खांद्यावर वजन टाकतो आणि पट तिथेच दबतो. स्मिथ थेट घोट्याला जायचा. खांदा नडगीवर, तळवा टाचेच्या मागे. टाच अडकलेली आणि नडगी मागे रेटली जाते आहे, अशा वेळी माणूस बसतोच. कंबर मागे फेकली तरी वजन पाठीवर पडतं, घोटा हातातच राहतो.

दिसायला सोपा आहे, पण पोरांचा तीन ठिकाणी चुकतो. पहिली चूक, हात आधी जातात आणि अंग मागे राहतं. हात लांबवून घोटा धरला की मान उघडी पडते आणि समोरचा वरून डोकं दाबतो. दुसरी चूक वेळेची. ज्या पायावर भार आहे तोच पाय धरायचा, कारण भार असलेला पाय उचलून काढून घेता येत नाही. रिकामा पाय तो सहज मागे घेतो. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. घोटा हातात आला की पोरगं गुडघ्यांवर तसंच थांबतं. तिथे थांबलात की समोरचा मागे जाऊन ताबा घेतो, वर भारंदाज लावतो, म्हणजे कमरेला मिठी घालून लोळवतो, आणि बघता बघता चार-सहा गुण जातात. गुडघे टेकल्या क्षणी बाजूला वळून टाचेच्या अंगाने मागे निघायचं.

म्हणून हा डाव शेवटाकडून शिकवावा. आधी जोडीदार उभा, पोरगं गुडघ्यावर, खांदा नडगीला लावलेला. तिथून फक्त पाडायचं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. ते बसलं की एका पावलावरून शिरायचं. मग पूर्ण अंतरावरून. हातांची झटापट सगळ्यात शेवटी.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. विद्यापीठात स्मिथला फ्रीस्टाइल शिकवायचीच नव्हती. तिथली कुस्ती वेगळी. सात मिनिटांची लढत, तीन, दोन आणि दोन मिनिटांच्या फेऱ्यांची. खाली सापडलेला पैलवान सुटला की त्याला एक गुण. वरचा प्रतिस्पर्ध्यापेक्षा मिनिटभर जास्त दाबून बसला तर त्यालाही एक. नुसता पट काढून भागत नाही. काढल्यावर माणूस खाली ठेवता आला पाहिजे आणि स्वतः खाली गेलात तर उठता आलं पाहिजे. फ्रीस्टाइलमध्ये पंच थोड्याच वेळात दोघांना उभं करतो, त्यामुळे तिथल्या जगज्जेत्याला या कसबाची एवढी गरज पडत नाही. स्मिथने दोन्हीत विजेतेपदं मिळवलेली होती, हे त्याच्या पठ्ठ्यांचं भाग्य.

त्याच्या वस्तादकीचा खरा दाखला मला २००५ सालात दिसतो. त्या वर्षी अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याचे पाच पैलवान वैयक्तिक विजेते झाले. त्यात जॉनी हेंड्रिक्ससारखा मधल्या वजनाचा होता आणि स्टीव्ह मोकोसारखा अगदी वरच्या गटातला अवजड गडीही होता. मोकोची खासियत पायाने पाय झाडण्याची. त्याला घोट्याच्या पटात कोंबलं असतं तर पैलवान फुकट गेला असता. स्मिथने तसं केलं नाही. पुढे त्याच्याच कोलमन स्कॉटने लंडन ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात कांस्य घेतलं. त्याच गटातलं दुसरं कांस्य आपल्या योगेश्वर दत्तचं.

म्हणून मला वाटतं, वस्तादाची पदकं बघा, पण तेवढ्यावर ठरवू नका. एक दिवस सरावाला जाऊन बसा. पन्नास किलोच्या आणि शंभर किलोच्या पोराला तो एकच डाव एकाच पद्धतीने घोटायला लावतो का, ते बघा. पोरगं चुकलं की 'असं कर' म्हणून स्वतः करून दाखवतो आणि पुढे जातो, की भार कुठल्या पायावर होता हे विचारतो, तेही बघा. चॅम्पियनचं अंग न विचारता हलतं. ते अंग नेमकं काय करतं हे उलगडून सांगणं फार थोड्यांना जमतं.

आणि पोरगं मातीत खेळणार असेल तर घोट्याच्या पटाची घाई करू नका. मॅटवर गुडघा घसरत पुढे जातो, मातीत तो रुततो. मॅटवर बुटाची टाच तळव्यात पक्की बसते, मातीत घामेजलेला उघडा घोटा निसटतो. आधी गुडघ्यावरचा पट पक्का होऊ द्या. मॅटवर वर्षभर सराव झाला की मग घोट्यापर्यंत खाली उतरवा.