बायकोचं नाय, माझं ऑपरेशन करा

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन म्हटलं की आमच्याकडं बाईच येते, सोबत सासू नायतर आई. त्या दिवशी यंत्रमागावरचा एक गडी एकटाच आला, भुवयांवर कापसाचं तूस तसंच, आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, माझं करायचंय." बायकोची दोन्ही सिझर, अंगात रक्त नाही, दिवसभर विड्या वळत बसते, तिच्या पोटाला परत कशाला हात लावायचा म्हणाला. मला इतकं बरं वाटलं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी जवळजवळ ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३, सगळा भार बाईवरच की.

मागोमाग त्याची आई आली. "मागावर उभं राहायला ताकद लागते ओ, पोरगं कामातनं जाईल माझं." आणीबाणीत गड्यांना नसबंदीला धरून न्यायचे त्या गोष्टी ऐकत वाढलेली बाई, तिची भीती खोटी नव्हती. डॉक्टरांनी तिलाच समोर बसवलं, कागदावर चित्र काढलं, शुक्राणू नेणाऱ्या दोन बारीक नळ्या तेवढ्या कापून बांधायच्या, पुरुषाचं हार्मोन रक्तातनं जातं ते चालूच राहतं, ताकद तीच, संबंधात फरक नाही, वीर्यपण येतं फक्त त्यात शुक्राणू नसतात. मग त्याला दोनदा विचारलं, पक्कं ठरलंय ना, कारण नळ्या परत जोडता येतात पण मूल होईलच याची खात्री नाही.

बिनटाक्याची नसबंदी, जागेवर भुलीचं इंजेक्शन, बारीक छिद्र, वीसेक मिनिटांत झालं. टेबलावर पडल्या पडल्या त्याचा एकच प्रश्न, "उद्या बीम उचलू का?" बीम म्हणजे मागावरचा सुताचा जड रूळ. अजिबात नाही, दोन दिवस आराम आणि आठवडाभर जड काही उचलायचं नाही, सायकल पण नको.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगते, ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळं नाही, नळीत राहिलेले शुक्राणू जायला वेळ लागतो, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. लोक इथंच ढिले पडतात आणि दिवस गेले की बायकोवर संशय घेतात, किती वाईट आहे हे! हा मात्र आला, रिपोर्टमध्ये शुक्राणू नव्हते, निरोध बंद केला तरी चालेल म्हणून सांगितलं. बायकोला लोहाच्या गोळ्या चालू केल्यात, तिचं रक्त भरायला अजून वेळ लागेल.