सायलेन्सर मोकळा केला तर किती पॉवर वाढेल?

रबाळे एमआयडीसीत आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. आठवड्यात एखादा तरी मुलगा ऐरोली, खारघर नाहीतर ठाण्याहून गाडी घेऊन येतो, बॉनेट उघडून दाखवतो, चहा घेतो आणि मग मुद्द्यावर येतो. "दादा, ट्रॅकवर न्यायचीय. सायलेन्सर मोकळा केला तर किती पॉवर वाढेल?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी उभ्याउभ्या उत्तर न देता सविस्तर लिहितो.

माझ्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, दीड लिटरची. तिचा मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, काढून सरळ पाईप जोडला आणि डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, चढवली, तेव्हा वाढ निघाली अडीच हॉर्सपॉवर. तीही साडेपाच हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांच्या) पुढे. त्याच पैशात चांगले ब्रेक पॅड टाकले, तर प्रत्येक लॅपला त्याच्या कितीतरी पट वेळ वाचला. बिनटर्बोच्या गाडीत (टर्बो म्हणजे जळक्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) वायू अडतो तो पुढे, इंजिनाला जोडलेल्या मॅनिफोल्डमध्ये, जिथे चार सिलिंडरचे पाईप आखूड अंतरात एकात कोंबलेले असतात. तिथे नीट लांबीचा फोर-टू-वन हेडर, म्हणजे चार लांब पाईप एकात मिळवणारा जोड, बसवला, तर एका सिलिंडरच्या धक्क्यामागची ओढ दुसऱ्यातला जळका वायू बाहेर काढायला मदत करते आणि फरक खरोखर जाणवतो. टर्बोच्या गाडीत रुंद डाउनपाईपने (टर्बोतून निघणाऱ्या पाईपने) टर्बोमागचा अडसर कमी होतो, पण त्याचा पुरा फायदा रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग, केल्यावरच मिळतो. शेवटच्या डब्याचं काम मुख्यतः आवाजाचं. तो काढला की आवाज वाढतो, आणि कानाला वाटतं वेग वाढला.

आवाजाचा धडा मला इंग्लंडमध्ये मिळाला. नोकरीनिमित्त दोन वर्षं तिथे होतो, मित्राबरोबर भागीत एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली होती. पहिल्याच ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून आपली गाडी सर्किटवर पळवायच्या दिवशी, सकाळी गाड्यांची रांग लागलेली, आणि रांगेच्या तोंडाशी आवाज मोजायचं मीटर घेऊन उभे एक वयस्कर गृहस्थ. पाईपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरायचं आणि इंजिन कमाल आरपीएमच्या पाऊण हिश्शावर स्थिर ठेवायचं, अशी तिथली पद्धत. त्या दिवशीची मर्यादा होती १०५ डेसिबल. आमचा आकडा आला १०८. "तीनच तर जास्त आहेत," मी म्हणालो. त्यांनी शांतपणे सांगितलं, तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली. भरलेले पैसे गेले, आणि दिवसभर कुंपणाशी उभं राहून आम्ही दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या.

तेव्हा फार राग आला होता. पुढे क्रॉफ्टची हकिकत वाचली. नॉर्थ यॉर्कशायरमधल्या या सर्किटच्या शेजाऱ्यांनी आवाजावरून दावा लावला, आणि २००९ मध्ये अपील कोर्टाने तिथल्या मोठ्या आवाजाच्या दिवसांवर वर्षाला ४० ची मर्यादा घातली. चालू सर्किट, तयार डांबर, आणि गाडी मोकळेपणी पळवायला वर्षाचे चाळीस दिवस. मी ज्या ट्रॅकवर गाडी चालवली ते तीन, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा. ठाण्याहून प्रत्येक हजार किलोमीटरच्या पलीकडे. यातला एकही शेजारच्या गावाच्या तक्रारीपायी गमावणं आपल्याला परवडणारं नाही. म्हणून तिथे कोणी मीटर धरो न धरो, माझ्या गाडीचा आवाज मी बंदिस्तच ठेवतो.

आता घरची गोष्ट, कारण गाडी ट्रॅकवर जाते वर्षातून तीनदा आणि उभी असते वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत. हेडर नवीन बसवला होता, मागे मोठ्या तोंडाचा डबा होता, आणि मी रोज पहाटे पाचला गाडी चालू करून गाळ्यावर जात होतो. एके दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वर बोलावलं. मी मीटर घेऊनच गेलो आणि धाकट्या भावाला खाली गाडी चालू करायला लावली. गार इंजिन सुरुवातीला वरच्या आरपीएमवर चालतं, पंधराशेच्या आसपास. मीटरवर ५८ दिसले. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ ची आहे, म्हणजे तेही जास्तच. पण स्वयंपाकघरात मांडणीवर उभी लावलेली स्टीलची ताटं एकमेकांवर किणकिणत होती. ओट्यावरच्या पातेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती, भावाने गाडी बंद केली तशी ती विरली. काकांचं बायपास नुकतंच झालं होतं. काकू म्हणाल्या, "बाळा, हे रोज झोपेतून दचकून उठतात रे."

मीटर खोटं बोलत नव्हतं. चार सिलिंडरचं इंजिन पंधराशे आरपीएमला सेकंदाला ५० ठोके देतं. आपण वापरतो ते ए-वेटिंगचं मोजमाप माणसाच्या कानाप्रमाणे खर्जातले सूर कमी धरतं, आणि ५० हर्ट्झला ही वजावट तब्बल ३० डेसिबलची असते. जो आवाज भिंतीतून, काचेतून, छातीतून जातो, नेमका तोच आकड्यात सर्वांत कमी दिसतो. मोबाइलवरचं ॲप दाखवून "दादा, बघा, कमीच आहे" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो.

म्हणून डबा निवडताना जाळीच्या सरळ पाईपभोवती ग्लासवूल भरलेला एकच डबा पुरत नाही. ग्लासवूल वरचे तीक्ष्ण सूर खातं, खर्ज सोडून देतं. खर्जाला लागते जागा, म्हणजे मोठं आकारमान, आतले कप्पे, नाहीतर बाजूला जोडलेली एका टोकाला बंद नळी. हायवेवर तीन हजार आरपीएमला डोकं उठवणारी घुमी येते ती १०० हर्ट्झची. गरम वायूत ध्वनी वेगाने जातो, त्यामुळे तिच्यासाठी ही नळी साधारण सव्वा मीटरची निघते. गाडीखाली तेवढी जागा शोधताना आम्ही कधी कधी अख्खा दिवस घालवतो. मी मधे रेझोनेटर (घुमी दाबणारा जादा डबा) आणि मागे बसेल तितका मोठा डबा लावतो. गेलेली पॉवर डायनोवर शोधावी लागते.

ग्लासवूल कायमचं नसतं, हे मात्र विकणारे सांगत नाहीत. परवाच एक डबा आला, दोन वर्षांपूर्वी शांत असलेला. रिव्हेट ड्रिल करून झाकण काढलं. मूळचं पिवळं ग्लासवूल पुढच्या बाजूला राखाडी भुगा होऊन जाळीतून उडून गेलेलं, मागच्या कोपऱ्यात तेवढी मूठभर गुठळी उरलेली. मालक म्हणत होता गाडी हल्ली जोरात ओढते. नवीन वूल घट्ट भरलं, आर्गन वेल्डिंगने शिवण मारली, आणि त्याच वेळी त्याला कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढायचा विचारही सोडायला लावला. कॅट काढून दिलेली गाडी आमच्या गाळ्यातून बाहेर पडत नाही. त्या धुराच्या मागे कोणाचं तरी पोर स्कूटरवर उभं असतं.

पोलिसांचं विचारता, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) वाचा. आवाजाचं प्रमाण मोडलं तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. आणि इंग्लंडचे १०५ डेसिबल दाखवून आपल्या रस्त्यावर वाद घालू नका. ते अर्ध्या मीटरवरचे आहेत. आपल्याकडे नव्या मोटारीला ७४ ची मर्यादा आहे, ती धावत्या गाडीची साडेसात मीटरवरून मोजतात. ट्रॅकपर्यंतचे हजार किलोमीटर सार्वजनिक रस्त्यावरूनच जायचे असतात.

काकूंच्या घरी गेलो त्या रविवारी जुना डबा परत चढवला. आता नवा, मोठा डबा आहे. तरीही ट्रॅक डेला पहाटे निघायचं असलं की गाडी न्यूट्रलला टाकतो. भाऊ आणि वॉचमन मागून ढकलतात, मी दार उघडं ठेवून स्टिअरिंग धरतो. गेटबाहेर रस्त्याला लागलो की चावी फिरवतो.