ट्रॅव्हल संघ की गावातली लीग?
आज सकाळी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या मैदानावर मुलाची सॉकरच्या ट्रॅव्हल संघासाठी, म्हणजे परगावी जाऊन सामने खेळणाऱ्या निवडक मुलांच्या संघासाठी, निवड चाचणी झाली आणि संध्याकाळी निवड झाल्याचा ईमेलही आला. तो नऊ वर्षांचा आहे; या वयात येथे सात-सात खेळाडूंचे सामने होतात, चेंडू चार नंबरचा असतो आणि डोक्याने चेंडू मारण्यास मनाई असते, म्हणजे ट्रॅव्हल संघ असो वा गावातली लीग, खेळ दोन्हीकडे तोच. फरक पडतो तो घराच्या वेळापत्रकात. सध्याच्या गावातल्या रिक्रिएशनल (हौशी) लीगमध्ये कोणाचे तरी बाबा हौसेने शिकवतात, प्रत्येकाला निदान अर्धा सामना खेळायला मिळतो आणि शनिवारी अकरा वाजता आम्ही घरी पोहे खात असतो. ट्रॅव्हलमध्ये मात्र पगारी प्रशिक्षक, आठवड्यातून दोन सराव, रविवारी तासभर गाडी चालवून परगावचा सामना आणि कितीतरी पट जास्त शुल्क. (मराठी शाळाही रविवारीच भरते, हे पत्नीला माझ्याआधी आठवले.) मुलाला विचारले, तेव्हा त्याने शेजारचा मित्र कोणत्या संघात आहे एवढेच विचारले. त्या मित्राची निवड झालेली नाही. होकार कळवायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. मला स्वतःला आणखी एक वर्ष त्याला गावातच खेळू द्यावे, असे वाटते.