सेसुव्हियम: मिठाची कुंडी पुढे गेली

दोन कुंड्यांमधला फरक आता लांबूनही कळतो. दोन्हीत सेसुव्हियम, म्हणजे समुद्रकाठी जमिनीवर पसरणारी जाड पानांची वेल. एकाच वेलीचे फाटे, एकच माती, ऊनही सारखंच. एकीला साधं पाणी देतोय, दुसरीला लिटरमागे 10 ग्रॅम मीठ घातलेलं. साध्या पाण्यावरची वाढतेय, नाही असं नाही. पण पेरं लांब, पानं पातळ आणि पसारा विरळ. मिठावरची आखूड पेरांची, पानं गुबगुबीत, आणि तिने माती जवळपास झाकून टाकलीय.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे माझं पाणी त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी खारट. सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रमला एवढं मीठ नुसतं सोसत नाही, मानवतं. तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, तशा हिला नाहीत. ही सोडियम पेशींमधल्या रिक्तिकांत, म्हणजे पाण्याच्या पिशव्यांत, कोंडून ठेवते आणि बाकीच्या पेशीरसाचा तोल प्रोलीन या अमिनो आम्लासारख्या पदार्थांनी सांभाळते. रिक्तिका पाणी ओढून फुगतात, पान जाड होतं. चाखून बघा, खारट लागतं.

म्हणून लगेच मिठाचा डबा उघडू नका. पाणी उडून जातं, मीठ कुंडीतच राहतं. दर पाण्यागणिक माती आधीपेक्षा खारट होत जाते. मधूनमधून साधं पाणी भरपूर ओतायचं आणि तळातून वाहू द्यायचं. काठावर पांढरी पापडी धरायला लागली की धुण्याची वेळ झाली समजा. निचरा तुंबलेला असेल तर हे धुणंच होत नाही, त्यामुळे माझ्या मते मिठाच्या मापापेक्षा जाड वाळू महत्त्वाची. मी वाळू जास्त, थोडं कोकोपीट आणि मूठभर कुजलेलं शेणखत घेतो. कुंडी प्लॅस्टिकची बरी. मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षाराचे स्फटिक वाढतात आणि तिचे पापुद्रे सुटतात. तळातून आलेलं पाणी दुसऱ्या झाडाला अजिबात घालू नका.

कटिंग अगदी सोपं. बोटभर लांबीचा फाटा घ्यायचा, खालच्या पेरांची पानं काढायची आणि ती पेरं ओल्या वाळूत दाबायची. मुळं पेरापाशीच फुटतात. मुळं धरेपर्यंत साधंच पाणी, मीठ नंतर आणि हळूहळू वाढवत. गादी मधोमध उघडी पडली तर लांब फाटे आत वळवून त्यांवर वाळू टाकायची, जागा भरते. ऊन मात्र पूर्ण हवं, सावलीत नुसत्या दोऱ्या लोंबतात. दाट भागात पिठ्या ढेकूण लपतो. फाटे उचलून बघत जा.

फुलं आलीत! पानाच्या बगलेत एकेक, गुलाबी-जांभळी चांदणी, उन्हात काही तास उघडते आणि मिटते. घोळीशी गल्लत होणाऱ्यांसाठी हीच खूण: घोळीची फुलं पिवळी आणि शेंड्याला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही 1753 मध्ये हिला घोळीच्याच प्रजातीत घातलं होतं, 1759 मध्ये सेसुव्हियममध्ये हलवलं, तेव्हा गल्लत झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

आता मिठाच्या कुंडीतले काही फाटे वेगळे काढून 20 ग्रॅमवर नेतोय. साधी कुंडी तुलनेसाठी तशीच ठेवतो. काळ्या चकचकीत बिया धरल्या तर पेरून बघेन; कुणी बियांपासून रोपं केली असतील तर उगवताना पाणी गोडं ठेवलं की खारं, ते सांगा.