सुलतानाकडे गेलेला फ्रान्सिस आणि अर्नाळ्याचे काका

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांकडे तपसाधना, म्हणजे काही दिवस एकत्र राहून केलेली प्रार्थना, म्हटली की मौन, जपमाळ आणि कन्फेशनची (पापकबुलीची) रांग. या वेळी फादरांनी अट घातली होती : येताना दुसऱ्या धर्माचा एक मित्र बरोबर आणा. आणि गंमत बघा, वसईसारख्या ठिकाणी निम्म्या लोकांना असा कोणी सापडेना. शेजारी आहेत, गिऱ्हाइकं आहेत, गाडीतले सोबती तर ढीगभर. पण "चल, तीन दिवस माझ्याबरोबर राहायला" असं हक्काने कुणाला म्हणायचं? मी शाळेतल्या सहकारी मैत्रिणीला आणलं. ती सोपाऱ्याची, मुसलमान. वाडीतल्या एकाने भाजीच्या धंद्यातले अर्नाळ्याचे एक काका आणले, माळकरी.

तारीख ठरवणाऱ्याने पंचांग बघितलेलं दिसत नाही. आज एकादशी, त्यातच जुम्मा, आणि शुक्रवार म्हणून आमच्यातली जुनी माणसं मटण-मासळीला शिवत नाहीत. स्वयंपाकघराला वाटलं, चला, सुटलो! पण सिस्टरांनी बटाट्याच्या भाजीत सवयीने हळद टाकली. काकांनी ताट बघितलं, हसले, भाजी हलकेच बाजूला सारली आणि नुसती खिचडी खाल्ली. मग आमच्या एका मावशीने पिशवीतून घरची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, काढली. "ही चालतील ना हो उपासाला?" चालली. चांगली पाच-सहा चालली.

दुपारी मैत्रिणीला नमाज पढायची होती. वाचनालयाची खोली रिकामी होती, पण समोरच्याच भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर. ती उतरवायला सिस्टर साडी खोचून स्टुलावर चढल्या. "अहो सिस्टर, उतरा, पडाल! मी व्हरांड्यात पढते." पश्चिम कुठली हे विचारायची गरजच नव्हती, समोर समुद्र. तिने ओढणी नीट केली, चटई अंथरली, आणि आमच्यातली दोन पोरं उगाच चवड्यांवर चालू लागली.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. सकाळचं सत्र वाचनाचं. पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठ-मशिदीचे इमाम अहमद अल-तय्यब यांनी ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीत सही केलेला बंधुभावाचा दस्तऐवज. मजकूर उत्तम आहे, पण मोठ्याने वाचून दाखवला की झोप येते. त्यानंतर प्रत्येकाने उठून "शेवटी आपण सगळे एकच" असं सांगितलं. हे वाक्य मला आवडत नाही. ते म्हटलं की पुढे बोलायला काही उरतच नाही.

दुपारी फादरांनी गोष्ट सांगितली, आणि साखर न घालता सांगितली हे महत्त्वाचं. १२१९ साल, पाचवं क्रूसयुद्ध, इजिप्तमध्ये दमिएत्ताला ख्रिस्ती सैन्याचा वेढा. फ्रान्सिस एका सोबत्याला घेऊन बिनशस्त्र पलीकडे गेला, सुलतान अल-कामिलकडे. हा सलाउद्दीनचा पुतण्या. आम्ही लहानपणी ऐकलं ते असं, की दोघांची छान मैत्री झाली. फादर म्हणाले, "तो गेला होता सुलतानाला ख्रिस्ती करायला." सुलतान काही बदलला नाही, फ्रान्सिसही नाही. सुलतानाने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं.

काकांनी तिथेच धरलं. "म्हणजे फादर, तुम्ही आम्हाला बोलावलंत तेही त्याचसाठी का? आणि राग मानू नका, तुमच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी बाटवलं असंच आम्ही ऐकत आलो."

सभा गार. माझे कान तापले, खरं सांगते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो आणि आजही ख्रिस्ती आहोत. हे कुणी का विचारत नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण फादर शांतपणे म्हणाले, "जुलूम झाला, ते नाकारायचं कारण नाही." मग त्यांनी फ्रान्सिसने १२२१ साली आपल्या संघातल्या बंधूंसाठी लिहिलेल्या नियमावलीतला भाग सांगितला. मुसलमानांमध्ये जाणाऱ्याला त्यात दोन वाटा दिल्या आहेत. एक, वादविवाद न करता सगळ्यांची सेवा करत राहायचं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही. दुसरी, देवाला रुचेल असं दिसलं तर वचन सांगायचं. "मी पहिल्या वाटेवरचा," फादर म्हणाले, "पण दुसरी वाट आमच्याकडे नाही असं म्हणालो तर खोटं होईल."

मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडेही दावत, म्हणजे धर्माचं आमंत्रण, आहेच की." सगळे काकांकडे बघू लागले. काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मी भेटेल त्याला माळ घाल म्हणतो. आत्ता जेवताना या पोरालाही म्हणालो." जो हशा उसळला! त्यानंतर चार तास लोक बोलत होते, चहा दोनदा झाला. आमचेच वसईचे, पुढे बिशप झालेले थॉमस डाबरे यांचा डॉक्टरेटचा प्रबंध तुकोबांवर आहे हे ऐकून काका पुढे सरसावून बसले आणि त्यांनी फादरांची तुकोबांवर जवळजवळ तोंडी परीक्षाच घेतली. फादर काठावर पास.

५ ऑक्टोबर, रविवार

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, काका शेवटच्या बाकावर होते. परमप्रसादाची रांग लागली तेव्हा उठले नाहीत, तो ख्रिस्ती नसलेल्यांना देत नाहीत हे फादरांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. नाश्त्याला मात्र त्यांनी विषय काढलाच. "आमच्याकडे प्रसादाला कोण कुठला विचारत नाहीत. तुमच्याकडे का?" फादरांनी बाप्तिस्मा, श्रद्धा, ख्रिस्ताचं शरीर असं सगळं समजावलं. मैत्रीण पाव मोडता मोडता ऐकत होती.

"कळलं," काका म्हणाले, "पटलं नाही."

मलाही त्यांना पटेल असं उत्तर सुचलं नाही. उद्या कोजागिरी, त्यांनी आम्हा सगळ्यांना अर्नाळ्याला दुधाला बोलावलंय. मैत्रीण येते म्हणाली आहे. हा विषय तिथे पुन्हा निघणार.